चिमण्यांचा वाटा

सांडलवंड मला सोसत नाही. माझी सगळी नोकरी पेणच्या शाळेत झाली. तिथे खडूचा तुकडा बोटांत धरवेनासा होईपर्यंत मी फळ्यावर लिहीत असे आणि पेन्सिलीच्या थोटकाला कागदाची गुंडाळी करून मुलांना ते वापरायला लावत असे. डब्यातला भात टाकणारं पोर दिसलं की माझं डोकं फिरे. शिक्षकखोलीत माझ्या मागे माझ्या नकला होत, हेही मला ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटत नसे. आईवर गेलेय, असं मी वर अभिमानाने सांगत असे.

आई कापणी झालेल्या शेतातून चालायची ती खाली मान घालून. पडलेली लोंबी दिसली की वाकायची, उचलायची, ओच्यात टाकायची. एक लोंबी जमिनीवर राहता कामा नये, म्हणायची. वडील मी पाच वर्षांची असताना गेले. आमचं स्वतःचं शेत तेव्हा नव्हतं, तरी निडीतल्या लोकांच्या शेतांतून ती अशीच फिरायची आणि मी तिच्या मागे. मला वाटायचं, आई लोकांची शेतं साफ करून देते. लहानपणी एकदा वाटलेली गोष्ट आपण मोठेपणी पुन्हा तपासून बघत नाही. मीही बघितली नाही.

त्या शेतांमधलं ओढ्यापलीकडचं शेत सगळ्यात मोठं. त्याच्या मालकांना सगळं गाव काका म्हणायचं. आम्ही मायलेकी त्यांच्या शेतात शिरलो की काका आमच्याकडे पाठ करायचे. हात मागे बांधून बांधावर उभे राहायचे, डोंगराकडे बघत. आम्ही बाहेर पडेपर्यंत मान वळवायचे नाहीत. एकदा मी आईला म्हणाले, "आये, ते काका आपल्याकडं बघत पण नाय." आई म्हणाली, "तिकडं बघू नको. वेच."

त्या पाठीचा मला राग आला तो आयुष्यभर गेला नाही. आपण यांचं शेत साफ करतो आणि यांना साधं बघवत नाही, एवढा कसला ताठा. पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा एकदा ते स्टेशनवर भेटले आणि हसून म्हणाले, "काय मास्तरीणबाई, बरं हाय ना?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते वारल्याचा निरोप पेणला आला तेव्हा रोह्याकडची गाडी सुटायला अर्धा तास होता. मी गेले नाही.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

पगारातून मी आईच्या नावावर दोन तुकडे घेतले होते, घरामागचं वरचं शेत आणि ओढ्यालगतचं खालचं. आई गेली. मग मी निवृत्त झाले आणि पेणची खोली सोडून निडीला येऊन राहिले. शेजारी वहिनी. ती या गावात सून म्हणून आली तेव्हा मी पाटी-दप्तरातली पोर होते. आज तिची सत्तरी उलटली आहे, तरी कापणीला सहा बायकांची टोळी तीच घेऊन येते आणि सगळ्यांच्या पुढे तिचा विळा चालतो. मला सगळे 'बाई' म्हणतात. वहिनी मात्र मनात येईल तसं म्हणते, कधी 'बाई', कधी नुसतंच 'गो'.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात निडी स्टेशनच्या शेडखाली एक कुटुंब येऊन राहिलं. नवरा, बायको, दोन मुली. सकाळच्या गाडीने भाजी घेऊन रोह्याला जाणाऱ्या आमच्या बायकांनी त्यांना पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा वाटलं, गाडीची वाट बघतायत. दुसऱ्या दिवशी तीच चौघं, तीच पत्र्याची पेटी, तोच हंडा आणि तीच एक गोणी. तिसऱ्या दिवशी बायकांच्या लक्षात आलं की ही माणसं कुठल्याच गाडीत चढत नाहीत.

ती खारेपाटातली होती, पेणच्या खालच्या अंगाची. एका उधाणाला त्यांच्या गावची बंदिस्ती, म्हणजे खाडी अडवणारा बांध, फुटली. त्याला ते लोक खांड गेली म्हणतात. खाडीचं पाणी भातशेतात शिरलं आणि घराच्या मातीच्या भिंती बसल्या. खारं पाणी एकदा जमिनीत मुरलं की पुढची काही वर्षं तिथे भात धरत नाही. मग पेणला भाड्याची खोली. मग नवऱ्याला रोह्याकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे माल चढवायचं काम मिळालं म्हणून वरश्याला खोली. तिथे त्याची कंबर धरली, शिफ्ट चुकल्या, ठेकेदाराने दुसरा माणूस घेतला, खोली सुटली. पुढचं घर म्हणजे स्टेशनची शेड.

यातलं एक अक्षरही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला हे सगळं पुढे कळलं. मी असते तर आधी वहीच उघडली असती: नाव काय, गाव कुठलं, रेशन कार्ड आहे का. वहिनीने काय केलं ते ऐका. चौथ्या दिवशी ती शेडखाली गेली, त्या बाईशेजारी टेकली आणि कुरकुरायला लागली. "आमच्या गावात एक गोठा हाय. मालक पनवेलला. बंद पडून वाळवी लागतेय त्याला. रोज चूल पेटली, धूर झाला, तर वासे वाचतील. मालकानं मला सांगून ठेवलाय, कोनी ऱ्हायला बघ म्हणून. मी म्हातारी कुठं शोधू?" अर्ध्या तासाने ती चौघं पेटी, हंडा आणि गोणी घेऊन तिच्या मागे चालत गावात आली. घरी आल्यावर वहिनीने पनवेलला फोन लावला आणि मालकाला त्याने तिला काय सांगून ठेवलं होतं ते सांगितलं.

पुढचे काही दिवस त्या गोठ्यात ज्या वस्तू आल्या, त्यांतली एकही कुणी दिली नाही. एका घरून ताडपत्री आली, आमच्याकडे उंदीर कुरतडतात, तुमच्याकडे राहू दे म्हणून. एक पातेलं कल्हईला न्यायच्या वाटेवर तिथे ठेवलं गेलं आणि न्यायला कुणी फिरकलंच नाही. घोंगडी उन्हात घालायला आणली आणि आणणारी विसरून गेली. मी मुलींची नावं शाळेत घातली, ते मला जमतं. दुपारची खिचडी त्यांना शाळेत मिळू लागली. रेशन कार्ड पेणकडच्या गावचं, ते इकडे आणायचा अर्जही मीच भरला. अर्ज त्यांच्या चालीने चालतात. नवऱ्याने गावातल्या दोघांच्या शेतांचे, खेकड्यांनी पोखरलेले बांध असे काही लिंपून दिले की थेंब गळेना. खारेपाटातल्या माणसाला बांध कळतो. पण तिसऱ्या बांधावर त्याची कंबर पुन्हा धरली आणि तो आडवा झाला.

शिजवलेलंही जायचं. कुणी डाळ, कुणी भाजी, कुणी वालाचं बिरडं वाटीतून देई. आमच्याकडे दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. दोन मिरच्या का होईना, घालून पाठवतात. त्या बाईकडे घालायला काय होतं? गोणीत मीठ होतं. मिठागरातलं, खड्याचं, करड्या रंगाचं मीठ. घर बसलं तेव्हा तिने जे वाचवलं त्यात ती गोणी होती. प्रत्येक वाटीत मूठभर मीठ घालून ती वाटी परत करायची. माझीही आली. मी ते बरणीत ओतलं आणि नाक मुरडलं. मीठ काय कोणी देतं का, हे माझे शब्द.

दसऱ्याच्या सुमाराला गोणी संपली. त्या दिवसापासून तिने वाट्या घेणं बंद केलं. नको गो, आमचा झाला, म्हणून दारातूनच परत करायची. झालेलं काहीच नसायचं.

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि शाळेतली खिचडीही थांबली. नेमकी त्याच आठवड्यात माझ्या वरच्या शेताची कापणी होती.

कापणी करवून घ्यायची माझी पहिलीच वेळ. इतकी वर्षं वहिनीच बघायची, मला पेणला नुसता निरोप यायचा. मी टोपी घालून बांधावर उभी राहिले, परीक्षेला असते तशी. आणि बघते तो काय, बायकांच्या हातून लोंब्या पडतायत. एखाददुसरी नाही, जागोजागी. विळ्याचा हिसका थोडा वर जातो, मुठीतली चार काडं निसटतात आणि बाई तशीच पुढे सरकते. बांधाच्या कडेला तर काही काडं उभीच राहिली होती. जन्मभर कापणी केलेल्या बायका, आणि हे काम? माझा पारा चढला.

"वहिनी, हे काय चाललंय? खाली बघा जरा. केवढं सांडलंय."

वहिनीने कंबर सरळ केली. टोळीतल्या दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा वाकल्या. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की बाई. चिमण्यांना."

"चिमण्यांना मी अंगणात घालीन. मागे फिरा सगळ्या. एक लोंबी राहता कामा नये."

आईचंच वाक्य, तिच्याच चालीत. बायका मागे फिरल्या. मीही टोपली घेऊन उतरले. दुपारपर्यंत आम्ही ते शेत असं वेचून काढलं की धसकटांत दाणा औषधाला सापडू नये. दोन टोपल्या भरल्या. मला फार बरं वाटलं. आई असती तर म्हणाली असती, शाबास, असंही मनात येऊन गेलं. वहिनी घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दमली असेल, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी दात घासत होते. गोठ्यातली ती बाई दोन्ही मुलींना घेऊन माझ्या शेतात आली. तिच्या कमरेला टोपली, थोरलीच्या हातात फडकं. तिघी ओळीने उभ्या राहिल्या आणि खाली बघत चालू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. कुणी वाकलं नाही. वाकायला काही नव्हतंच. बांधाशी आल्यावर धाकटीने रिकामी टोपली उलटी करून बघितली.

मी तिथूनच विचारलं, "काही हरवलंय का गो?"

"नाय बाय," ती म्हणाली. "वाटेनं चाललोय."

आणि मी चूळ भरून आत गेले. इतकी मी हुशार.

चहाच्या वेळी वहिनी आली आणि ओटीवर बसली. तिने चहा घेतला नाही, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"सरवा म्हाईत हाय ना तुला?" तिने विचारलं.

शब्द मला माहीत होता. कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य म्हणजे सरवा, आणि ज्याला लागेल त्याने तो वेचून न्यावा. पाठ्यपुस्तकात कुठेसा येत असे आणि मी त्याचा अर्थ फळ्यावर लिहून देत असे.

"तिनं वाट्या घेनं सोडलं," वहिनी म्हणाली. "घ्यायचं तर परत काय घालायचं? पन सरवा कोन देत नाय गो. सरवा पडतो. पडलेलं उचलायला लाज नसते. म्हणून काल आमी सगळ्यांनी मुद्दाम पाडलं. गावात पयली कापणी तुझी, म्हणून तुझ्या शेतावर त्यांचा जीव होता. आता ती बोलतेय, हितं काय पडत नाय. पुनवेनंतर वीटभट्टीचा टेम्पो येतोय स्टेशनपाशी, त्यात बसून जाताव म्हणून."

वीटभट्टीला गेल्या की मुलींची शाळा संपली. भट्टीवर नवराबायको मोजून विटा पाडणार, त्यात नवऱ्याची ती कंबर. म्हणजे मुली चिखल तुडवणार. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पेणच्या शाळेतून दर दिवाळीनंतर माझे दोन-चार बाक असेच रिकामे व्हायचे आणि पावसाळ्यापर्यंत रिकामेच राहायचे. या वेळी ते बाक मी स्वतः रिकामे करत होते.

मी उठले. कोठीतून तांदळाचं अर्धं पोतं काढलं, हातगाडीवर घातलं आणि गोठ्याकडे निघाले. वहिनी मागून म्हणाली, "नको जाऊ गो." मी ऐकते थोडीच.

गोठा झाडून लख्ख केला होता. नवरा भिंतीला टेकून बसला होता आणि खुंटीला ती मिठाची गोणी धुऊन वाळत घातली होती. बाई बाहेर आली, पोत्याकडे बघितलं, आणि तिने आधी मला बसायला पाट दिला.

"बाय, तुमी आनला, आमाला पावला," ती म्हणाली. "पन घेवाचा नाय."

"कालची चूक माझी होती. मला माहीत नव्हतं."

"चूक कशी? शेत तुमचा. तुमी वेचलाव." तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आमचे गावान आमचा पन शेत व्हता. कापनीला आमी पन लोंब्या पारायचो. कोन वेचून नेतंय ते आमी नाय बघला कवा. आता आमची पाली. पन पोत्यान नको बाय. पोता घेतला तर उद्या मी तुमचे दारावरनं मान वर करून जावाची कशी?"

मी हातगाडी तशीच ढकलत परत आले. सगळी आळी बघत होती. घरी पोचले तर वहिनी अजून माझ्याच ओटीवर बसलेली. माझा सगळा राग मी तिच्यावर काढला. एवढं होतं तर आधी सांगता येत नव्हतं का? मी काय परकी आहे? सरवा सरवा करून माणसं उपाशी मरायची, कसला हा मान? आणि माझी आई, ती तर लोकांच्या शेतातली लोंबीन् लोंबी उचलून...

तिथे मी थांबले. का थांबले ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि तिची नजर फार मऊ झाली होती.

"उचलून कुठं न्यायची गो?" तिने हळूच विचारलं.

घरी. ओच्यातून घरी. मी ते पाहिलं होतं. उखळाशी बसून ती ते भात कांडायची, मी शेजारी बसून तूस फुंकायचे आणि संध्याकाळी आम्ही तोच भात जेवायचो. हे सगळं मला लख्ख आठवत होतं, इतकी वर्षं आठवतच होतं. तरी मी त्याचं नाव नीटनेटकेपणा ठेवलं होतं.

"तुझा बा गेला त्या सालापास्नं तू नोकरीला लागस्तोवर," वहिनी म्हणाली. "मी नवी नवरी. माझ्या सासूनं मला पयल्याच कापणीला शिकवलंन, विळा असा वर घ्यायचा, काडं सोडायची. बोलली, ती पोरीला घेऊन येते मागनं, तिच्यासाठी. तुझ्यापायी शिकले मी हात सैल सोडायला. नंतर तुझी आय मालकीण झाली, तवा कापणीच्या दिवशी घराबाहेर पडायची नाय. तू बोलायचीस, आय दमली. दमत कुठली? तिच्या हाताला सोसायचं नाय ना, पडलेलं दिसलं का वाकायची. दुसऱ्या कोनाला ऱ्हावं म्हणून ती घरात बसायची."

 मला रडू आलं ते सांगते, लाज कसली त्यात. पण रडण्यापेक्षा मोठं दुसरंच काहीतरी वाटत होतं. निडीसारखं गाव, जिथे सकाळी कुणाच्या घरी मासळी आली ते दुपारी सगळ्यांना ठाऊक असतं. त्या गावाने पन्नासहून जास्त वर्षं ही एक गोष्ट माझ्यापासून झाकून ठेवली. भांडणात नाही काढली, थट्टेत नाही काढली. मी शिक्षिका झाले, तोरा मिरवला, सणाला आले की सगळ्यांच्या सांडलवंडीवर बोट ठेवलं. ज्यांच्या शेतातला भात माझ्या हाडांत गेला, तीच माणसं समोर बसून माझं ऐकून घेत होती. एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही, की बाई, तू आमच्या सरव्यावर वाढलीस.

पुढचा आठवडा मी गावातून नुसती बघत फिरले. सगळीकडे कापणी लागली होती आणि मला आता ते दिसू लागलं होतं, जसं मुलाला वाचता यायला लागलं की दुकानांच्या पाट्या दिसायला लागतात. प्रत्येक शेतात लोंब्या पडल्या होत्या. ज्याच्या घरी पाहुण्याला चहासुद्धा मोजून मिळतो, त्या गृहस्थाच्या शेताचा एक अख्खा कोपरा उभा होता आणि तो मोठ्याने ओरडत होता, "हात मोडले काय गो तुमचे? ते ऱ्हायलं ना तिकडं." बायका म्हणत होत्या, "ऱ्हाऊ दे, विळा बोथट झालाय." त्या ओरडण्यातही एक लय होती, ते ओरडणं गोठ्यापर्यंत ऐकू जावं इतपतच होतं. गडबहून सोयरे कापणीला आले होते, त्यांनीही न सांगता हात सैल सोडले. मी वहिनीला विचारलं, "हे ठरवलं कधी? बैठक घेतली का?"

"कसली बैठक गो. तुझं शेत साफ झालेलं सगळ्यांनी बघितलं ना येता-जाता."

म्हणजे माझ्या चुकीची भरपाई गावाने आपसांत वाटून घेतली होती. मला कुणी दोष दिला नाही, सल्ला दिला नाही. प्रत्येकाने आपापल्या शेतात चार लोंब्या जास्त पाडल्या आणि विषय मिटवला. इतकं शहाणपण एका ठिकाणी मी कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. मी नतमस्तक वगैरे शब्द भाषणांत पुष्कळ वापरले आहेत. खरं काय असतं ते त्या आठवड्यात कळलं.

पौर्णिमेनंतर टेम्पो आला. आमच्या स्टेशनपाशी त्यात कुणी चढलं नाही. ती चौघं अजून गोठ्यात आहेत. गोठ्याला आता दार आहे, रेशन कार्डही एकदाचं आलं. नवरा बसून करायचं काम करतो आणि बंदिस्ती पुन्हा बांधून झाली की घराची जागा बघायला जाऊ म्हणतो. वाट्यांची ये-जा पुन्हा सुरू झाली आहे. माझी वाटी परत येते तेव्हा तिच्यात कधी मूठभर तांदूळ असतात, हातसडीचे, लालसर.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, खालच्या शेताच्या कापणीची सकाळ.

ओढ्याकाठचं ते शेत उशिरा तयार होतं. त्या दिवशी मी टोपी घातली नाही, विळा घेतला. वहिनीने मला शेवटची ओळ दिली. काडं सोडायची म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं होतं. पण माझ्या हाताला ते येईना. लोंबी पडली की माझा दुसरा हात आपोआप खाली जायचा. बायका हसू दाबत होत्या. वहिनी म्हणाली, "बांधून ठेवू का गो हात तुझे?" शेवटी मी उचलायचा हात कमरेच्या पदरात खोवला आणि तशीच, एका हाताने, वेडीवाकडी कापत राहिले. माझ्याइतकं वाईट त्या दिवशी कुणीच कापलं नसेल.

भारे गेले. बायका ओढ्यावर हातपाय धुवायला उतरल्या. समोरच्या वाटेने ती बाई येताना दिसली, कमरेला टोपली, मागे दोन मुली. मी काय करावं ते मला सुचेना. हसावं, की या म्हणावं?

"मी आता काय करू?" मी वहिनीला विचारलं.

"पाठ कर," वहिनी म्हणाली. "बांधावर जाऊन डोंगराकडं बघत ऱ्हा. मालकाची नजर असली का वाकायला होत नाय मानसाला. ओढ्यापल्याडचे काका करायचे ना, तसं."

एवढं बोलून ती ओढ्यावर निघून गेली. तिला काय माहीत तिने काय सांगितलं ते.

मी बांधावर गेले. पाठ केली आणि हात मागे बांधले. समोर डोंगर. काकांनी बघितला तोच. इतकं मोठं शेत, कापणीचे दिवस, मागे पन्नास कामं खोळंबलेली, आणि तो माणूस एका विधवेला आणि तिच्या पोरीला वाकता यावं म्हणून तासतासभर ओढ्यापलीकडे डोंगर बघत उभा राहायचा. स्टेशनवर तो हसून बोलला होता. मी ऐकलं नव्हतं.

मागे धसकटं वाजू लागली. आधी एकेक पाऊल, मग थांबणं, मग लोंब्यांचा सुळसुळ आवाज, मग टोपलीत पडल्याचा. ती वाकत होती. सावकाश, न घाबरता, पुन्हा पुन्हा वाकत होती. मुलींच्या धावण्याचा आवाज माझ्या अगदी जवळ आला आणि थांबला.

"आये," थोरली म्हणाली, "ही बाय आपलेकडं बघत पन नाय."

"तिकडं बघू नको," तिची आई म्हणाली. "वेच."

मी वळले नाही.